पाहुणे सूर

गाण्याला भाषा लागत नाही, असे आपण सहज बोलून जातो. मला हे वचन निम्मेच खरे वाटते. परके गाणे आपलेसे करण्यासाठी ऐकणाऱ्याला थोडे कष्ट घ्यावेच लागतात. मात्र ते कष्ट मोठे गोड असतात.

आमच्या गोराई गावाचेच पाहा ना. बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडली, की हे गाव लागते. येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबात लग्न निघाले, की दारी पितळी वाद्यांचा बँड उभा राहतो. कॉर्नेट आणि क्लॅरिनेट ही वाद्ये साता समुद्रांपलीकडची. पण त्यांतून निघणारी चाल पुष्कळदा अस्सल मराठी असते. भजनाच्या साथीची पेटीदेखील मूळची युरोपातलीच. पूर्वी कोणीतरी कान देऊन ऐकले, म्हणूनच हे पाहुणे घरचे झाले.

मुंबईत असे पाहुणे सूर वारंवार येतात. धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ भरली. ‘द पोलिस’ हा इंग्लंडचा वाद्यवृंद १९८० साली तेथेच वाजवून गेला. पुढे, जवळ रुग्णालये असल्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि त्या उघड्या रंगमंचावरील मैफली थांबल्या. रसिक हळहळले, परंतु आजाऱ्याची झोपही सुरांइतकीच मोलाची आहे, हे खऱ्या रसिकाला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘लोलापालूझा’ हा संगीतमेळा भरला. अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेला हा मेळा आशिया खंडात प्रथमच येत होता. मी मुद्दाम गेलो. त्यात काही वाद्यवृंद ‘इंडी’ म्हणून ओळखले जाणारे होते. इंडी म्हणजे स्वतंत्र. मोठ्या कंपनीच्या तंत्राने न चालता जे आपली गाणी आपणच रचतात आणि स्वतःच्या बळावर किंवा एखाद्या लहान प्रकाशन संस्थेमार्फत लोकांपुढे आणतात, त्यांच्यासाठी हा शब्द रूढ झाला. गळा तयार असो वा नसो, सांगावयाचे ते स्वतःचे असावे, हा त्यांचा बाणा.

त्यांपैकी एकाचे नाव होते ‘जॅपनीज ब्रेकफास्ट’, म्हणजे जपानी न्याहारी! नाव ऐकून मला हसू आले. त्याची प्रमुख गायिका मिशेल झॉनर ही जपानी नव्हे. तिचा जन्म सेऊलचा. आई कोरियन, वडील अमेरिकन. २०१४ साली तिची आई कर्करोगाने गेली. ते दुःख तिने आपल्या गाण्यांत ओतले आणि पुढे आईच्या हातच्या कोरियन पदार्थांच्या आठवणींवर एक पुस्तकही लिहिले. अशी ही मुलगी महालक्ष्मीच्या मैदानावर, माघातल्या सौम्य थंडीत गात होती. समोर हजारो श्रोते होते.

अनोळखी गाणे ऐकताना मी शब्दांच्या मागे लागत नाही. प्रथम तालवाद्यांचा ठेका धरतो. तेथील बहुतेक गाणी चार-चार मात्रांच्या सरळ चालीने जातात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा मोजलेल्या हाताला ती परकी वाटत नाहीत. मग बास गिटारचा खर्ज शोधतो. तो सापडला, की पायाखाली भक्कम जमीन आल्यासारखे वाटते. आवाजाकडे मी सर्वांत शेवटी वळतो, आणि मग शब्द समजले नाहीत तरी त्यांतली हुरहूर समजू लागते. माझ्या शेजारचा एक तरुण सारे गाणे संपेपर्यंत मोबाईल उंच धरून उभा होता. त्याची नजर त्या चिमुकल्या पडद्यावरून हलली नाही. पलीकडची मुलगी डोळे मिटून ऐकत होती. गाणे दोघांनीही घरी नेले. पण कोणी किती नेले, हे तुम्हीच ठरवा.

आपले संगीत परदेशी गेले, तेव्हा तेथील श्रोत्यांनाही हीच परीक्षा द्यावी लागली. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे बांगलादेशच्या निर्वासितांच्या मदतीसाठी मोठी मैफल झाली. पंडित रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ आणि उस्ताद अल्लारखा वाद्ये जुळवून घेत होते. ती जुळवणी संपताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्यांना वाटले, एक गत वाजवून झाली. पंडितजी रागावले नाहीत. वाद्ये जुळवणेच इतके आवडले, तर प्रत्यक्ष वादन याहून अधिक आवडेल अशी आशा आहे, असे ते मिस्कीलपणे म्हणाले आणि वाजवू लागले. श्रोते तसेच बसून राहिले, ऐकत राहिले. त्यांच्या अजाणत्या टाळ्यांपेक्षा त्यांचे हे बसून राहणे मला फार मोठे वाटते. जाणकारी उशिरा आली तरी चालते. कान मात्र आधी उघडे असावे लागतात.

बालमित्रांनो, तुमच्या वर्गात एखादा मुलगा दुसऱ्या प्रांतातून आलेला असेल. त्याच्या घरचे एखादे गाणे त्याला म्हणावयास सांगा. पहिल्या ओळीला हसू नका, मध्येच उठू नका. शेवटपर्यंत ऐका आणि मग म्हणा, “पुन्हा एकदा!” पाहुण्याला याहून चांगला पाहुणचार मला तरी ठाऊक नाही.