समुद्र गाळायचा कसा?

आमच्या घरात 'स्कूबा' हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो यांनीच. थोरलीनं बेंगळूरहून फोन करून विचारलं होतं, "लग्नाला ३० वर्षं होतायत, काय हवंय तुम्हा दोघांना?" मला वाटलं, हे फार तर नवीन चष्मा मागतील. तर हे म्हणाले, "समुद्राच्या तळाशी जायचंय एकदा."

मी हातातली पोळी तव्यावर तशीच सोडली.

यांचं सगळं बालपण कृष्णाकाठी गेलं. पूर ओसरला की पोरं पाण्यात ती बाहेरच यायची नाहीत, असं सासूबाई अजून सांगतात. माझं उलटं. आमच्या माहेरी घरामागे मोठी विहीर होती. भाऊ, चुलतभाऊ पाठीला पत्र्याचा डबा बांधून धबाधब उड्या मारायचे. आम्हा मुलींचं विहिरीशी काम एवढंच, की आजीनं पाणी गाळून झालं की फडक्यातली जिवाणी पुन्हा त्याच पाण्यात सोडायची. तीसुद्धा वरून ओतायची नाही, जीव आपटतात. भांडं दोरीनं हळूहळू पाण्यापर्यंत न्यायचं आणि तिथं कलतं करायचं. त्या काठावर वाकून मी हजार वेळा पाणी पाहिलं असेल, पण पायाचं बोट काही आत घातलं नाही.

तर ठरलं अंदमान, जानेवारीत. हॅवलॉक बेट, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. पावसाळ्यात तिथला समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे चातुर्मासाची आडकाठी आपोआपच टळली. थोरलीनं विमान, पुढची बोट, रिसॉर्ट सगळं बघितलं. माझ्याकडे आलं जेवणखाण.

रिसॉर्टच्या स्वयंपाक्याशी मी स्वतः बोलले. कांदा-लसूण नाही म्हटल्यावर तो "हो हो" म्हणाला. बटाटा, गाजर, बीट नाही म्हटल्यावर थोडा थांबला. आणि जेवण सूर्यास्ताच्या आत, म्हटल्यावर त्यानं विचारलं, "मॅडम, इकडे सूर्य किती वाजता मावळतो माहीत आहे का?" मला कुठलं माहीत असणार! जानेवारीत तिकडे सव्वापाचच्या सुमारास मावळतो. घड्याळ तेच आपलं, पण बेटं इतकी पूर्वेला की आपल्या बेळगावात चांगलं ऊन असतं तेव्हा तिकडे दिवेलागण. म्हणजे साडेचार-पावणेपाचला ताटावर बसायचं. सुट्टीला आलेली बाकीची मंडळी तेव्हा चहाच्या तयारीत असतील. त्यानं मात्र कबूल केलं, वेगळ्या भांड्यात करून देतो म्हणाला. तरी मी कडक भाकरी, मेतकूट, बिनलसणाची शेंगाचटणी आणि भडंग बांधून ठेवलंच. परक्या ठिकाणी आपला डबा जवळ असलेला बरा, हे मला लग्नापासून पटलेलं आहे.

खरं अवघड पुढेच होतं. डायव्हिंगवाल्यांनी तब्येतीचा फॉर्म पाठवला. तुम्ही ४५च्या वर आहात का, रक्तदाब आहे का, दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, हृदयाचं काही? एका ठिकाणी जरी 'हो' आलं तरी डॉक्टरची सही लागते. माझं वय आणि बीपीची गोळी, दोन 'हो' तिथंच झाले. मी माझा फॉर्म भरला आणि यांच्या कागदावरून ईमेल आयडी उतरवून घ्यायला लागले, तर हृदयाच्या रकान्यात यांनी ठळक 'नाही' लिहिलेलं.

चार वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झालीय. त्या रात्री मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून नवकार म्हणत होते, किती वेळा ते मोजलं नाही.

मी कागद समोर धरला. हे म्हणाले, "चार वर्षं झाली की गं. रोज पाच किलोमीटर चालतो. काय होतंय?" आता, दशलक्षणात उत्तम सत्याच्या दिवशी बस्तीत यांनीच वाचन केलेलं, त्याला पुरते तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. ते ओठावर आलं होतं, पण बोलले नाही. टोमणा मारून माणूस आणखी हट्टाला पेटतो. मी एवढंच म्हटलं, "तुम्हाला खाली काही झालं तर मला पोहतासुद्धा येत नाही."

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी हे गप्प जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म टेबलावर होता. 'नाही' खोडून शेजारी 'हो', आणि खाली तारखेसकट सगळी हकीकत, बँकेतल्या त्यांच्या सुरेख अक्षरात.

आमच्या डॉक्टरांनी माझा ईसीजी काढला, चालत्या पट्ट्यावर पळवलं, कान तपासले आणि सही केली. यांचा कागद मात्र त्यांनी बाजूला ठेवला. "साहेब, काठावर बसा. मी यावर सही करणार नाही." परत येताना रिक्षात हे म्हणाले, "तू जायचंस." मी म्हटलं, तुमच्याशिवाय मला काय करायचंय तिथं? तर म्हणाले, "मग मला सांगणार कोण?"

आता यावर काय बोलायचं!

पट्टीचं पोहणं आलंच पाहिजे असं नाही, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला शिक्षक धरूनच नेतो, आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही. पण तेवढंही आमच्या माहेरच्या विहिरीपेक्षा खोल. १० मीटरवर अंगावरचा दाब दुप्पट होतो, म्हणून उतरताना सारखं नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर घालायची, म्हणजे कान मोकळे होतात. आणि श्वास कधीही रोखायचा नाही. मला वाटायचं, पाण्यात श्वास धरणं हीच सगळी विद्या. इथं तर तेच मना. आधी डायव्हिंग, मग निदान एक दिवस जमिनीवर, आणि मगच परतीचं विमान, हेही थोरलीनं तारखांत बसवलं.

यांनी मास्क आणि तोंडाची नळी मागवली आणि रोज संध्याकाळी मोरीत बादली भरून माझी शाळा सुरू झाली. तोंड पाण्यात, श्वास नळीतून. पहिल्या दिवशी मी चार श्वासांत उसळून वर आले. हे स्टुलावर बसून मोजायचे. काच धुरकट होऊ नये म्हणून डायव्हर लोक आतून थुंकी लावतात, असं यांनी सांगितल्यावर सासूबाई दारातून म्हणाल्या, "शी! देवाला जाणारं तोंड ते." आम्ही बेबी शाम्पू लावतो. खुणाही पाठ केल्या. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. मी व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसाला वीस अंगठे पाठवणारी बाई, मला ते सुटता सुटेना.

सासूबाईंनी फारसा विरोध केला नाही. फक्त एकदा, गाळणं धुता धुता म्हणाल्या, "जन्मभर पाणी गाळलंस. आता समुद्र गाळणार काय?"

उत्तर माझ्याजवळ नाही. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव, हे ऐकतच वाढले. शंख दोन इंद्रियांचा, मासा पाच इंद्रियांचा, पाठशाळेत घोकलेलं. पोवळं तर शास्त्रात पृथ्वीकायात मोजलंय, आणि आजचं विज्ञान म्हणतं, ती बारीक प्राण्यांची वस्ती. ज्यांची नावं घेऊन रोज प्रतिक्रमणात क्षमा मागते, त्यांच्या घरी मी जाणार, तेही हौसेपायी. कुठंही हात लावायचा नाही, पाय टेकवायचा नाही, शंख-पोवळं उचलून आणायचं नाही, असा तिथला नियम वाचला तेव्हा थोडं हायसं वाटलं. माझ्या मंगळसूत्रात सासूबाईंनी घातलेली दोन पोवळी आहेत. दागिने काढून उतरायचं असतं, म्हणून ते यांच्या खिशात राहील.

काल बॅग भरताना सासूबाईंनी नवं धुवट फडकं चौघडी करून वर ठेवलं. "प्यायचं तरी गाळून पी."

आणि यांनी परवा स्वतःच फोन करून विचारलं, पाण्यात न उतरणाऱ्या माणसाला होडीतून येता येतं का? येतं म्हणाले. तेव्हापासून घरभर टोपी शोधणं चाललंय.