उजवीकडचा कल

कारध्याच्या बांधीत हेलिकॉप्टर पडलं तेव्हा आवाज असा झालाच नाही. धान कापलेल्या खुटांत कवठ पडावं, तसा थप्प. भाचा धुऱ्यावरून उडी टाकून धावला आणि दोन हातांत दोन तुकडे घेऊन परतला. "मामाजी, मेलं जी हे!"

मेलं नव्हतं. पाती तुटली होती, मधला दांडा वाकला होता, शेपटीची नळी काटकोनात मुडपली होती. नागपूरहून सुटे भाग आणले आणि दोन रात्री टेबलावर जेवण बंद. जुळलं तेव्हा पहिल्यापेक्षा देखणं दिसत होतं. बांधीत नेलं, जमीन सोडली मात्र, आणि ते भोवऱ्यासारखं गरगरायला लागलं.

शेपूट सांभाळायला जायरो असतो. आम्ही साहजिकच त्यालाच धरलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. शेपटीच्या नळीतून जो पट्टा जातो, त्याला पाव वेढा द्यावा लागतो. तो मी उलटा दिला होता, त्यामुळे मागची पाती उलटी फिरत होती. पट्टा काढून नीट बसवायला दहा मिनिटं लागली. चूक माझी आहे हे भाच्याला सांगायला जरा जास्त.

गरगर थांबली, तर थरथर सुरू. हवेत शेपटीचं टोक धूसर दिसायचं. आजी भंडाऱ्याला पितळी गुंड घ्यायला जायची, तेव्हा काठावर बोटाने टिचकी मारून कान लावायची. नाद लांबला तर गुंड घरी यायचा, चरकला तर तिथेच राहायचा. इथेही डोळ्यांआधी कानाला कळत होतं, कुठेतरी चरकतंय. "घरातच फिरवून पाहू ना जी," भाचा म्हणाला. मी ठाम नाही म्हटलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीचा वेल्डिंग करणारा तो तरुण आठवला. 2021 च्या ऑगस्टमध्ये स्वतः बनवलेलं हेलिकॉप्टर तो जमिनीवरच चालवून पाहत होता. मागचा पंखा तुटून मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्यात त्याचा जीव गेला. आमचं खेळणं होतं, पण फिरतं पातं हे पातंच.

मग मोठ्या पंख्याचं डोकं उघडलं. दोन्ही पात्यांच्या मुळांतून आरपार जाणारी एक पोलादी काडी असते. डोळ्यांना सरळ दिसत होती म्हणून ती आम्ही बदललीच नव्हती. आरशावर ठेवून बोटाने लोटली. काडी आणि तिचं प्रतिबिंब यांच्यात उजेडाची एक फट एका वळणाला उघडायची, दुसऱ्याला मिटायची. केसाएवढी. थरथर त्या फटीतून येत होती. काडी बदलली. मग एका पात्याच्या टोकाला लाल चिकटपट्टी लावली. लांब उभं राहून डोळ्यांच्या रेषेत पाहिलं, तर फिरताना लाल कड वर, दुसरी खाली, जणू एकावर एक दोन ताटं. लाल पात्याच्या दुव्याला अर्धा आटा दिला आणि दोन्ही कडा एक झाल्या.

आता हेलिकॉप्टर गप्प उभं राहिलं. फक्त किंचित उजवीकडे कललेलं. भाचा पुन्हा स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. मीही अर्धा तास शोधलं, कबूल करतो. काहीच वाकडं सापडेना. मग उलगडलं. आमचा मोठा पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्याने धड उलटं वळू नये म्हणून शेपटीचा पंखा जोर लावतो, आणि तोच जोर अख्ख्या यंत्राला डावीकडे ढकलतो. जागेवर राहायचं तर उजवीकडे कलावंच लागतं. पडण्याआधीही ते कलतच असणार. तेव्हा आम्ही उडवत होतो, बघत नव्हतो.

"म्हणजे हे असंच राहील का जी?"

"असंच."

पलीकडे वैनगंगेवर ऊन उतरत होतं. धुऱ्यावरून एक म्हातारी डाव्या कमरेवर भरलेला गुंड घेऊन चालली होती, उजवीकडे कलून. तिने एकदा वर पाहिलं, गुंड जरा सावरला आणि चालत राहिली.