बाकीचा हिशेब

कलबुर्गीला तुरीचं कोठार म्हणतात. २०१९ साली इथल्या तुरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आळंद मागे टाकून बसवकल्याण, भालकीकडे यावं तर सोयाबीन, मूग, उडीद दिसू लागतो. या पट्ट्यातल्या शेतीच्या नोंदींवर क्वेरी लिहिणं हे माझं काम. त्यात सगळ्यात जास्त जपावं लागतं ते भागाकाराला.

समजा, एका गावात ४० शेतकरी आहेत आणि त्यांतल्या ३७ जणांनी तूरविक्रीसाठी नाव नोंदवलं. दोन्ही रकाने इंटिजर. टक्केवारी काढायला ३७ भागिले ४०, गुणिले १०० असं लिहिलं, तर पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट हे तिन्ही डेटाबेस शून्य देतात. पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक तिथेच गळतो. मग त्या शून्याला शंभरानं गुणून हाती काय येणार? आधी गुणून नंतर भागलं तर ९२ येतात, म्हणजे अर्धा टक्का तरीही गेलाच. १०० च्या जागी १००.० लिहून आधी गुणलं, की खरे ९२.५ मिळतात. मायएसक्यूएल आणि ओरॅकल तोच भागाकार दशांशात देतात. त्यामुळे एकीकडे पारखलेली क्वेरी दुसरीकडे नेली की पुन्हा पारखावी लागते.

मशीन इथे तक्रार करत नाही, हे मला सगळ्यात गंभीर वाटतं. एररचा संदेश येत नाही, अहवाल छापून होतो आणि ३७ जणांनी नाव नोंदवलेल्या गावापुढे शून्य बसतं. तो आकडा वाचणारा पुढचा निर्णय त्यावरच घेतो.

मग सगळीकडे फ्लोट वापरावा का? पैशाला तरी नाही. फ्लोट आकडे द्विमान पद्धतीत साठवतो, त्यात ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत. रकमेला दशांश जसेच्या तसे साठवणारा न्यूमेरिक प्रकारच हवा. पण त्यालाही मर्यादा आहे. निजामाच्या राज्यात या मुलखात हाली रुपया चालायचा, आणि ७ हालींचे ६ कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, धरायचे. १०० हालींचे कलदार करायला बसलं तर ८५.७१४२८५… असे आकडे निघतच राहतात. कुठे थांबायचं हे माणसानंच ठरवायचं असतं. १०० रुपये तिघांत वाटून प्रत्येक ओळ दोन दशांशांवर आणली, तर बेरीज ९९.९९ होते. म्हणून मी पूर्ण अचूकता शेवटपर्यंत सांभाळतो, राउंड एकदाच करतो, आणि उरलेला पैसा कुणाच्या खात्यात जाईल हेही लिहून ठेवतो.

शून्यानं भागण्याचा प्रश्न तर याच मातीत फार जुना आहे. सेडम तालुक्यातलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला, त्याच्या आरंभी तिथल्या अमोघवर्ष राजाचं गुणगान आहे. अपूर्णांकांचं त्यातलं विवेचन विस्तृत आहे, पण शून्यानं भागलं तर संख्या तशीच राहते असं त्यात म्हटलं आहे. पुढे भास्कराचार्यांनी अशा राशीला अनंत मानलं. आज पोस्टग्रेस एरर देऊन थांबतो, मायएसक्यूएलच्या साध्या सिलेक्टमध्ये नल, म्हणजे रिकामी जागा, येते. ज्या शेतात तूर पेरलीच नाही, तिथला एकरी उतारा किती? शून्य म्हटलं तर पीक बुडालं असा अर्थ होतो. म्हणून छेदाला मी शून्याचा नल करणारं नलिफ लावतो आणि ती जागा रिकामी ठेवतो.

रकान्याचा प्रकार निवडणं वरवर तांत्रिक दिसतं. पण अर्धा क्विंटल गळाला तर शेतकऱ्याचे ५० किलो जातात. बाकीचं काय करायचं हे क्वेरी लिहिणाऱ्यानं विचारपूर्वक ठरवावं, आणि पुढच्या माणसाला वाचता येईल असं तिथेच लिहून ठेवावं.