डाम चौकातला बारावा कलश

१/७
ॲम्स्टरडॅमच्या डाम चौकात येणाऱ्या प्रवाशाला आधी कबुतरे दिसतात, मग ट्राम आणि मग पांढऱ्या दगडाचा २२ मीटर उंचीचा स्तंभ. पायऱ्यांवर घटकाभर टेकून, छायाचित्र काढून तो निघून जातो. स्तंभामागच्या वक्राकार भिंतीपाशी थांबणारे थोडेच.

२/७
हे नेदरलँड्सचे राष्ट्रीय स्मारक. रचना वास्तुविशारद आउड यांची. ४ मे १९५६ रोजी राणी युलियाना यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. दरवर्षी ४ मे रोजी रात्री आठ वाजता येथे दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते.

३/७
या चौकाने स्वतःही रक्त पाहिले आहे. ७ मे १९४५ रोजी, जर्मन शरणागतीनंतर, मुक्तीचा आनंद साजरा करायला जमलेल्या गर्दीवर जर्मन नौसैनिकांनी गोळ्या झाडल्या. तीसहून अधिक माणसे मेली. युद्ध संपले होते. मरण संपले नव्हते.

४/७
आता ती भिंत. तिच्यात मातीचे बारा कलश आहेत. अकरा कलशांत तेव्हाच्या अकरा डच प्रांतांची माती आहे. बारावा १९५० मध्ये आला. त्यातली माती इंडोनेशियातील युद्धकब्रस्तानांची.

५/७
समोर राजवाडा. सतराव्या शतकात तो नगरभवन म्हणून उभा राहिला, तो सागरी व्यापाराच्या वैभवकाळात. त्याच व्यापारातल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. याच वास्तूत २७ डिसेंबर १९४९ रोजी युलियाना यांनी इंडोनेशियाच्या सार्वभौमत्वाच्या हस्तांतरणावर स्वाक्षरी केली. देश हातातून गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची माती चौकात आली.

६/७
पण माती कोणाची? कब्रस्तानाची माती म्हणजे ज्यांना थडगे लाभले त्यांची. जपानी अंमलात वेठबिगारीने आणि उपासमारीने लक्षावधी इंडोनेशियन मेले; त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला नावाचा दगडही आला नाही. १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य घोषित केल्यावर डच सैन्याशी लढताना जे पडले, त्यांची माती या कलशात कोण घालणार? त्या काळातील अतिरेकी हिंसेबद्दल डच राजाने इंडोनेशियात जाऊन क्षमा मागितली, ती मार्च २०२० मध्ये. मधे सत्तर वर्षे गेली.

७/७
म्हणून स्मारक खोटे ठरत नाही. आपल्या मृतांसाठी रडण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे. मात्र कलशाला तोंड असते तसा काठही असतो: काही आत मावते, काही बाहेर राहते. कोणत्याही राजधानीच्या स्मारकापुढे उभे राहणाऱ्याने आधी नमस्कार करावा. मग मागे जाऊन पाहावे की काठाबाहेर कोण राहिले.