जुन्या स्विचचे वाचन

‘संहिता’ हा शब्द उच्चारला की आपल्यापुढे पोथी येते, हस्तलिखित येते, फार तर एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या येतात. वापरून विकल्या गेलेल्या यंत्राच्या पोटातही संहिता असते आणि तीही कोणी तरी कोणासाठी तरी लिहिलेली असते, ह्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती संहिता हाती आली तर वाचावी की न वाचता पुसून टाकावी? आमच्या विभागात ह्या प्रश्नावर झालेला वाद आम्हांला नोंदवावासा वाटतो.

निमित्त अगदी व्यावहारिक होते. विद्यार्थ्यांनी गावोगावी जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या विभागातल्या एकाच संगणकावर साठवलेल्या होत्या आणि त्या ऐकण्यासाठी रांग लागे. आठ संगणक एकमेकांना जोडायचे तर स्विच हवा, आणि नव्या स्विचसाठी पैसे नव्हते. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून सिस्कोचा कॅटलिस्ट २९६० हा २४ पोर्टांचा स्विच जुन्यात घेतला. ‘आहे तसा’ ह्या बोलीवर. तो सुरू झाला, दिवे लागले, परंतु संगणकांना एकमेकांचा पत्ता लागेना. आधीच्या मालकाने काही पोर्ट बंद केलेले होते, काही वेगवेगळ्या गटांत वाटून दिलेले होते, आणि त्या साऱ्यावर परवलीचा शब्द होता.

अशा वेळी कन्सोल पोर्ट कामास येतो. स्विचचा नेटवर्कवरचा पत्ता ठाऊक नसेल तर नेटवर्कवरून त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. कन्सोल मात्र नेटवर्कवर अवलंबून नसतो. स्विचच्या मागच्या बाजूला असलेले हे भोक इतर पोर्टांसारखेच दिसते, पण त्याची भाषा निराळी. ती १९६० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आरएस-२३२ ह्या मानकाची, म्हणजे टेलिप्रिंटरच्या काळाची आहे. त्यासाठी केबलही वेगळी लागते. तिच्या एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाला आठवी होते, दुसरी सातवी होते, आणि असा सारा क्रम उलटा जातो. आजच्या लॅपटॉपांना सीरियल पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबीचा ॲडॉप्टर घालावा लागतो. विंडोज एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल हा प्रोग्राम सोबत येत असे. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्तापासून तो गेला. आम्ही पुटी वापरला.

ह्या संवादाची एक अट आम्हां भाषेच्या माणसांना फार आवडली. दोन्ही टोकांना समान घड्याळ नसते. म्हणून बोलण्याची गती आधीच ठरवून घ्यावी लागते: सेकंदाला ९६०० बिट. प्रत्येक अक्षराआधी आरंभाचा एक बिट, मग आठ बिटांचे अक्षर, शेवटी विरामाचा एक बिट; म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे. एका बाजूने गती वेगळी धरली तर शब्द हरवत नाहीत, चुकीच्या जागी तोडले जातात आणि पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. वृत्त ठाऊक नसलेल्याने श्लोक भलत्याच जागी तोडून वाचावा, तसे. गती जुळली आणि एंटर दाबले की यंत्र पहिला प्रश्न विचारते: परवलीचा शब्द?

तो आम्हांला ठाऊक नव्हता, पण ठाऊक असण्याची गरजही नव्हती. वीज काढायची, पुढच्या बाजूचे ‘मोड’ लिहिलेले बटण दाबून धरायचे, वीज परत द्यायची, आणि सिस्टिमचा दिवा स्थिर हिरवा झाला की बटण सोडायचे. स्विच अर्धवट जागा होतो. मग तीन आज्ञा: फ्लॅश स्मृती उघडणे, मांडणीच्या फाइलीचे नाव बदलणे आणि स्विच सुरू करणे. नेहमीच्या नावाची फाइल न सापडल्याने यंत्र कोऱ्या मनाने उठते आणि कुलूप नाहीसे होते. ही पळवाट निर्मात्यानेच ठेवलेली आहे. जाणकाराला ती बंद करता येते, ह्या स्विचवर ती केलेली नव्हती. यंत्र ज्याच्या हातात, सत्ता त्याची, असा हा रोकडा न्याय आहे.

आमचे काम इथे संपले होते. नाव बदललेली जुनी फाइल मात्र शाबूत होती आणि एका आज्ञेत ती पडद्यावर आली असती. वाद पडला तो इथे.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे, ही संहिता आहे. पुसण्यापूर्वी ती पाहणे हे आपले काम. कोणा अनाम माणसाने कित्येक वर्षे थोडेथोडे लिहून ती घडवली असणार. उद्या पुसली की त्या श्रमाचा माग उरणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे, घर विकत घेतले म्हणून आधीच्या कुटुंबाची विसरलेली पत्रे वाचण्याचा अधिकार मिळत नाही. ही भीती काल्पनिकही नव्हे. ईसेट ह्या संगणक-सुरक्षा कंपनीने १८ जुने राउटर विकत घेतले, तेव्हा त्यांतील ९ यंत्रांमध्ये आधीच्या मालकांची मांडणी जशीच्या तशी सापडली होती.

ह्यावर पहिल्याने महानुभावांची आठवण करून दिली. पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे ह्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून ते पंथाबाहेरच्या वाचकांपुढे आले नसते, तर मराठी गद्याचा आरंभ आपण आज ज्या आधारावर शिकवतो तो आधारच नसता. ते कुलूप उघडले गेले ह्याचा आपल्याला आनंद होतो. मग ह्या कुलपाचे सोवळे कशासाठी?

उत्तर सोपे नाही. लिप्यंतराचा संकेत आणि स्विचमध्ये परवलीचे शब्द झाकणारा सिस्कोचा ‘टाइप सात’ हा प्रकार ह्यांत साम्य आहे खरे. दोन्ही वरवरच्या नजरेपासून लपवतात. ज्याला किल्ली ठाऊक, त्याला ते उघडे पुस्तक. पण महानुभाव ग्रंथ वाचले जावेत म्हणूनच लिहिलेले होते, वाचक कोण हे पंथ ठरवी. इथे एकाच फाइलीत दोन प्रकारचे लेखन असते. परवलीचे शब्द कोणीच वाचू नयेत म्हणून लिहिलेले असतात. प्रत्येक पोर्टापुढे लिहिलेले वर्णन मात्र मागून येणाऱ्या माणसासाठीच असते: ही तार कुठे जाते, ती का सोडवू नये. तो मागून येणारा माणूस आम्ही होतो का? ह्यावर दोघांचे एकमत झाले नाही. वर्णनाचा वाचक म्हणजे त्याच संस्थेत त्याच्या जागी आलेला माणूस, असे एक मत. ज्याच्या हाती यंत्र आले तो प्रत्येक जण, असे दुसरे.

शेवटी फाइल न वाचताच पुसली. गटांची नावे वेगळ्या फाइलीत असतात, तीही पुसली. वाद जिंकला गेला म्हणून नव्हे. ज्याची संमती विचारता येत नाही आणि ज्याचे नुकसान होऊ शकते असा माणूस जिवंत असण्याचा संभव होता, एवढे कारण आम्हांला पुरले. तेराव्या शतकातल्या लेखकाला आपल्या वाचनाने इजा होत नाही. अभ्यासाच्या अधिकाराचा विचार करताना हा फरक विद्यार्थ्यांपुढे मांडण्याजोगा आहे; लेखकांची खाजगी पत्रे, रोजनिशा, आणि आता मागे राहिलेले संगणक ह्यांच्या बाबतीत तो रोज उभा राहणार आहे. पहिल्या मताचा माणूस अजूनही म्हणतो की आपण एक संहिता नष्ट केली. ते खरेच आहे.

आता त्या स्विचमधून आठही संगणकांवर ओव्या ऐकू येतात. प्रत्येक पोर्टापुढे आम्ही वर्णन लिहिले आहे. देवनागरीचा तिथे भरवसा नाही, म्हणून रोमन अक्षरांत, पण मराठीत: हा ओव्यांच्या संग्रहाचा, हा ग्रंथालयाच्या खिडकीजवळचा. आमच्यानंतर विभागात येणाऱ्या कोणीही ते वाचावे. परवलीचा शब्द विभागाच्या नोंदवहीत आहे, आणि त्याखाली एक ओळ: हा स्विच विकण्यापूर्वी आतले सर्व पुसावे.