१२९६ आणि हळदीचा कागद

१२९६! या वर्षाच्या सुरुवातीला अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबा माउलींनी आळंदीला समाधी घेतली. दोन्ही गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या. पण लेकीसाठी भिंतीवर कालरेषा आखताना दोन्ही खुणा एकाच रेघेवर आल्या आणि माझ्या अंगावर काटा आला!

आमचं गंगाखेडचं माळकरी घर. सासरे कीर्तनकार; सप्ते, वारी यांत सगळं घर सतत बाहेरगावी. म्हणून सहावीपासून मुलीला घरीच शिकवायचं ठरवलं. राज्याच्या मुक्त विद्यालयातून आठवीची परीक्षा देता येते, त्यामुळे तो घोर नव्हता. भाषा, गणित झटक्यात ठरलं. घोडं अडलं इतिहास-विज्ञानापाशी. विकतचे महागडे संच पाहिले. एकात पुराणातली विमानं विज्ञान म्हणून छापलेली, दुसऱ्यात देवधर्म म्हणजे निव्वळ अडाणीपणा. दोन्ही मिटून ठेवले आणि बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेतली. ती उघडून आपल्याच मुलखाकडे बघायला लागलो आणि जे काही सुरू झालंय, काय सांगू!

जनाबाई आमच्या गंगाखेडची. नामदेवांच्या घरी राबणारी, त्यांच्याच काळातली. म्हणजे देवगिरीचं यादवांचं राज्य मोडकळीला आलं, तेव्हा आपली जनी पंढरपुरात दळण दळत होती! लेकीनं आजोबांना विचारलं, "आप्पा, तिच्या अभंगांत लढाई येते का?" आप्पा थबकले. "माय, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही," म्हणत गाथा घेऊन बसले. रात्री जेवताना लेकीचा पुढचा प्रश्न तयार: हे अभंग लिहून कुणी ठेवले, आणि कधी? त्या क्षणी मला पुस्तक निवडायची कसोटी सापडली. 'हे कशावरून?' असं विचारलं तर जे उत्तर देतं, ते पुस्तक आपलं.

विज्ञानात तर धमालच! हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवला, त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला. पिवळ्याचा लालभडक! लेक पळतच देव्हाऱ्यापाशी गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. जुन्या रीतीचं कुंकू हळदीत चुना घालूनच करत, हे सासूबाईंना ठाऊक होतं; त्यामागचं आम्ल-आम्लारीचं गणित आता सगळ्या घराला कळलं.

तेच कागद घेऊन आम्ही जिंतूरमार्गे लोणारला गेलो. काठावर उभं राहून आप्पांनी लवणासुराची कथा सांगितली, अगदी कीर्तनातल्यासारखी रंगवून. मग लेकीनं आप्पांना सांगितलं, की काळ्या बेसाल्टमध्ये उल्का आदळून हे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर झालं, आणि आघातानं दगड वितळून झालेली काच इथे मिळते, हा त्याचा पुरावा. आप्पा लहान मुलासारखे ऐकत होते. खाली उतरून तिनं कागद पाण्याला लावला. लाल! लोणारचं पाणी कडक आम्लारिधर्मी आहे, हे तिनं स्वतःच्या हातानं ताडून पाहिलं. घरी आल्यावर कथा एका वहीत लिहिली, प्रयोग दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्यांवर सारख्याच हौसेनं कव्हरं घातली.

आता चारठाण्याचा दगडी स्तंभ सावलीवरून मोजायचाय. काठी आणि टेप आप्पांनी आत्ताच पिशवीत भरून ठेवलेत.