गोटीची बाटली

आमच्या ऑब्स्टॅकल कोर्समागे एक नाला आहे. इंग्रजांच्या काळी इथे छावणी होती आणि तिचा कचरा या नाल्याच्या उतारावर पडत असे. गेल्या पावसाळ्यात कड ढासळली आणि राखेच्या काळ्या थरात काचा चमकू लागल्या. एका रविवारी मी आणि माझा बडी तिथे गेलो. नाला आउट ऑफ बाउंड्स आहे, हे दोघांनाही ठाऊक होते.

तंबूची एक मेख आणि मेसमधला चमचा, एवढीच हत्यारे. आधी निघाली अंगभर उभ्या रेघांची निळी बाटली. अशा बाटल्यांत विष ठेवत. अंधारात हाताला रेघा लागल्या की माणूस सावध व्हावा म्हणून. मग गोल बुडाची एक. ती उभी राहतच नाही. आडवी ठेवली की बूच ओले राहते आणि गॅस निसटत नाही. साच्याचा सांधा मानेतच संपला असेल तर बाटलीचे तोंड हाताने केलेले, असे मी ऐटीत सांगत होतो. लायब्ररीतल्या पुस्तकातले ज्ञान!

तेवढ्यात गोटी दिसली. मिरजेला आजोबा ज्याला गोटी सोडा म्हणतात, तीच बाटली. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. आतला गॅसच गोटीला वर दाबून धरतो; ती खाली ढकलली की सोडा मोकळा. गोटीसाठी पोरे या बाटल्या फोडत, त्यामुळे जुनी अखंड बाटली क्वचितच मिळते. मला ती अखंडच हवी होती. “अजून खण,” मी म्हणालो. बडीने हात आत घातला आणि त्याचा तळहात चिरला.

एमआय रूममध्ये चार टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. “ऑब्स्टॅकल पे फिसल गया, सर,” त्याने सांगितले. मी शेजारी गप्प उभा. संध्याकाळी कळले की ऑब्स्टॅकल कोर्स सांभाळणाऱ्या उस्तादांनाच जाब विचारला जाणार आहे.

दोन रात्री बाटली माझ्या ट्रंकेत होती. झोप कसली लागतेय! तिसऱ्या दिवशी ती घेऊन हाउसमास्टरांकडे गेलो. माझे तीन रविवार गेले. पण सर ओरडले ते वेगळ्याच गोष्टीवरून: “जुन्या छावणीच्या कचऱ्यात फक्त काचच असते असं वाटलं तुला? जिवंत दारूगोळा निघाला असता तर?” हे माझ्या डोक्यातही आले नव्हते.

उस्तादांची माफी मागितली. ते काही बोलले नाहीत, फक्त बडीचा हात उलटून पाहिला.

इतिहासाच्या सरांनी विचारले, “कुठल्या थरात मिळाली? शेजारी काय होतं?” मला सांगता येईना, सगळे मीच उकरून एकत्र केले होते. आता बाटली त्यांच्या कपाटात आहे. चिठ्ठीवर एवढेच: ‘नाल्यात सापडली.’

बडीचे टाके निघाले. चार टाके त्याला पडले, तर निदान गोटी तरी त्याला मिळायला हवी होती, असे तो अजून म्हणतो.